कर्ण आणि कर्णा

मिरजेला आजोबांच्या ओटीवर एक कर्ण्याचा फोनो होता. ग्रामोफोन हे त्याचे खरे नाव मला पुढे शाळेत कळले. घरात तो फोनोच. कर्णा पत्र्याचा, बाहेरून काळा, आतून मोरपिशी, आणि पाकळीपाकळीने उमलत गेलेला, हुबेहूब धोतऱ्याच्या फुलासारखा. आजोबा आधी हात धूत, मग किल्ली देत, मग सुई बदलत. तबकडीवर सुई टेकली की दोन पावले मागे सरत आणि देवापुढे उभे राहावे तसे उभे राहत. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले त्या गावात गाणे बसून ऐकायचे नसते अशी त्यांची समजूत होती, की कंबर धरल्यामुळे त्यांना बसवत नव्हते, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

पाच-सहा वर्षांचा असेन. गाणारा माणूस आत कुठे बसला आहे ते पाहावे म्हणून मी त्या कर्ण्यात डोके घातले. आत आवाजाचा असा काही लोंढा अंगावर आला की मी घाबरून ओरडलो. आजोबांनी कान धरून मला बाहेर काढले. "गाणे कर्ण्यात नसते रे, कर्ण्यासमोर असते," ते म्हणाले. ध्वनिशास्त्राचा हा माझा पहिला धडा. दुसरा मिळायला पुढे वीस वर्षे जावी लागली.

तो दुसरा धडा असा. फोनोच्या सुईमागे अभ्रकाचा रुपयाएवढा पडदा असतो. सुई थरथरली की तोही थरथरतो. पण एवढासा पडदा उघड्या हवेत हलवणे म्हणजे काडीने विहीर ढवळणे. काडी हलते, विहिरीला पत्ताही नसतो. कर्ण्याचा अरुंद गळा पडद्यापुढची थोडीशी हवा कोंडून धरतो, त्यामुळे पडद्याला ढकलायला काहीतरी मिळते. आणि मग तो दाब हळूहळू रुंदावत, एका हातातून दुसऱ्या हातात द्यावा तसा, खोलीतल्या मोठ्या हवेच्या स्वाधीन होतो. विजेच्या जगात ट्रान्सफॉर्मर जे काम करतो ते हवेच्या जगात कर्णा करतो. तो शक्ती निर्माण करीत नाही. वाया जाणारी वाचवतो. शेताच्या बांधावरून हाक मारणारा माणूस तोंडाभोवती दोन्ही हात धरतो, त्याला हे सारे पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

नोकरीनिमित्त १९७१ साली मी अमेरिकेत, ओहायो राज्यात आलो, तेव्हा कर्ण्याचे दिवस संपले अशीच माझी कल्पना होती. घरोघरी पुस्तकाच्या फळीवर मावतील असे चिमुकले स्पीकर दिसत. १९७६ च्या हिवाळ्यात एका अमेरिकन सहकाऱ्याने गाणे ऐकायला घरी बोलावले आणि येताना "तुमच्याकडचे काहीतरी" घेऊन यायला सांगितले. मी भीमसेनांची एक एल. पी. नेली. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीशी दोन कपाटे उभी होती. प्रत्येक दोन फूट रुंद, दोन फूट खोल, तीन फूट उंच. खालच्या भागात लाकडी कमानीसारखा पोकळ जबडा, वर एक आडवा धातूचा कर्णा, त्याच्याही वर टीचभर आणखी एक. त्यांचे नाव ला स्काला. मिलानच्या संगीतगृहाचे नाव लाकडी कपाटाला देणारा माणूस कोण असेल, याचा विचार करीत असतानाच पहिला षड्ज लागला.

तो मोठा होता असे मी म्हणणार नाही. मोठा आवाज भोंगाही करतो. तो उभा होता. दोन कपाटांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जमिनीपासून माणूसभर उंचीवर, एक देह उभा राहून श्वास घेत होता. मला एकदम मिरजेची ओटी आठवली आणि मी कोचावरून उठून उभा राहिलो. यजमानाला वाटले, मला पाणी हवे आहे.

हे कपाट ज्याने बेतले त्या पॉल क्लिप्शविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण असली माणसे हल्ली पुस्तकांतच भेटतात. जन्म १९०४, इंडियाना राज्यातला. शिक्षण विजेच्या इंजिनिअरचे. चिली देशातल्या विजेच्या रेल्वे-इंजिनांची देखभाल करून आलेला, मग तेलाच्या शोधासाठी जमीन तपासण्याच्या धंद्यात शिरलेला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्याला आर्कान्सा राज्यात होप नावाच्या गावी दारूगोळ्याच्या चाचणीकेंद्रावर धाडले. युद्ध संपल्यावर सगळे आपापल्या घरी गेले. हा गृहस्थ तिथेच राहिला आणि १९४६ साली पत्र्याच्या शेडमध्ये स्पीकर बांधू लागला.

त्याची अडचण साधी होती. सेकंदाला ५० कंपनांचा खर्जाचा स्वर घ्या. हवेत त्याची एक लाट सुमारे साडेबावीस फूट लांब असते. असल्या लाटेला सुखाने बाहेर सोडायचे तर कर्ण्याचे तोंड सात फूट व्यासाचे हवे. एवढे धूड घरात आणायला कोणती गृहिणी परवानगी देईल? क्लिप्शने दोन गोष्टी केल्या. कर्णा उपरण्यासारखा घड्या घालून पेटीत बसवला, आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात सरकवली. दोन भिंती आणि जमीन मिळून तिथे आयताच एक कर्णा तयार असतो. पेटीतला कर्णा जिथे संपतो तिथून खोलीचा कोपरा पुढे चालू होतो. घराचे बांधकामच वाद्याचा भाग झाले. क्लिप्शहॉर्न या नावाने ती पेटी त्याने विकायला काढली, आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या त्याच नावाने आजही निघतात.

त्याचा सारा आग्रह एका गोष्टीवर होता. थोड्या शक्तीत काम भागले की पडदा थोडा हलतो; पडदा थोडा हलला की तो चुका थोड्या करतो. ला स्काला एका वॉटवर, एक मीटर अंतरावर सुमारे १०४ डेसिबल आवाज देतो. फळीवर बसणारे साधे स्पीकर ८५ च्या आसपास देतात. फरक कागदावर वीसेक आकड्यांचा. पण डेसिबलच्या हिशेबात वीस म्हणजे शंभरपट. जिथे दुसऱ्याला शंभर वॉट लागतात तिथे हा एका वॉटमध्ये, झोपेत बोलल्यासारखा, काम उरकतो. क्लिप्श आपल्या कोटाच्या कॉलरमागे एक पिवळा बिल्ला लावीत असे. त्यावर एकच इरसाल शब्द होता. कोणी स्पीकरविषयी बढाया मारू लागला की हा सभ्यपणे ऐकून घेई आणि कॉलर उलटून दाखवी. ९८ वर्षे जगून तो २००२ साली वारला.

सहकाऱ्याची कॅलिफोर्नियाला बदली झाली तेव्हा, १९८१ साली, ती दोन कपाटे मी विकत घेतली. ट्रकमधून उतरताना पत्नीने ती पाहिली आणि विचारले, "या कणग्यांत भरायचे काय?" ला स्काला १९६३ साली निघाला तो विन्थ्रॉप रॉकफेलर या गृहस्थांच्या गव्हर्नरपदाच्या निवडणूक-प्रचारासाठी, ही माहिती मी तिला मोठ्या कौतुकाने पुरवली. "म्हणजे निवडणुकीचा भोंगाच की!" ती म्हणाली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पण भाद्रपद आला आणि कणग्यांचे नशीब पालटले. डाव्या कणगीचा माथा दोन फुटी चौरस. त्यावर गणपती असा बसला की जणू चौरंग मापाने करून घेतला होता. तेव्हापासून दरवर्षी तीच जागा. बर्च लाकडाच्या प्लायवुडवर हळदीचा एक डाग कायमचा पडला. तो मी पुसू पाहिला तेव्हा तिने पुसू दिला नाही. पुढे पुढे आरतीपूर्वी ती स्वतःच म्हणे, "जरा बाप्पाखाली काहीतरी लावा," आणि मी एखादी सनई लावी.

तिला गाता येई. मैफलीचे गाणे नव्हे. घरातले, पोळ्या लाटतानाचे. १९८३ सालच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात, आमच्याच तळघरात पंधरावीस माणसांपुढे तिने एक भावगीत म्हटले. दादऱ्यात. तबलजीला बर्फामुळे नव्हे, विसरल्यामुळे यायला जमले नव्हते. मी कॅसेटवर ते टिपून घेतले. ती २०१६ साली गेली. त्या कॅसेटची मूळ प्रत कपाटात आणि तिच्या दोन नकला मुलांकडे आहेत. मी ती वर्षातून एकदा लावतो, अधिक वेळा नाही.

२०२३ साली मी घर विकले आणि मुलाकडे राहायला गेलो. कणग्या बरोबर होत्याच. मुलाच्या तळघरात मात्र आधीच दोन कणग्या उभ्या होत्या. तशाच, त्याच मापाच्या, त्याच नावाच्या. फक्त चाळीसेक वर्षांनी धाकट्या. चिरंजीवांनी नवा ला स्काला घेतला होता, आणि त्याला त्याने दिलेली किंमत आमच्या पहिल्या घराच्या आगाऊ रकमेहून जास्त होती. मुलाने बापाच्या आवडीचीच वस्तू नवी घ्यावी यात बापाचा सन्मान आहे की बापाची जुनी वस्तू निकालात काढली आहे, हे ठरवणे कठीण असते. सूनबाई म्हणाल्या, "चारही राहू देत, बाबा." पण मला जागा दिसत होती. चार कपाटांत माणसे कुठे बसणार? तेव्हा मीच म्हणालो, सामना लावू. जी जोडी हरेल ती जाईल.

खरे सांगायचे तर निकाल मी आधीच लावून ठेवला होता.

दोन्ही जोड्या शेजारीशेजारी लावल्या. अॅम्प्लिफायर एकच. मुलाने मापकाने दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला, कारण जो किंचित मोठा तो कानाला नेहमी चांगला वाटतो. हा कानाचा जुना दोष आहे आणि पुढाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. पहिली बाजू मी मागून घेतली: केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती मूळची ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरची. नव्या जोडीवर ती लावताच आधी ऐकू आली ती तबकडीची खरखर, आणि तिच्यामागे बाई. माझ्या जोडीवर खरखर पडद्याआड गेली आणि बाई पुढे आल्या. "बघ!" मी म्हणालो. मुलगा काही बोलला नाही.

दुसऱ्या बाजूला त्याने अलीकडचे ध्वनिमुद्रण लावले. तानपुरे, तबला, ख्याल. इथे माझी पंचाईत झाली. नव्या जोडीवर तानपुरा जवारीसकट खोलीत आला. घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा जिथे नेमका बसला की तार बोलू लागते, ते बोलणे. माझ्या जोडीवर तानपुरा होता, पण शेजारच्या खोलीत. आणि डग्गा! माझ्या जोडीवर डग्ग्याचा घुमारा मला फार आवडे, घागरीसारखा, भरलेला. नव्यावर डग्ग्याची मींड वर चढली, खाली उतरली आणि जिथे वादकाने हात टेकवला तिथे थांबली. माझ्यावर ती थांबत नव्हती. हात टेकल्यावरही काहीतरी घुमतच होते.

हे काहीतरी म्हणजे काय ते मला कळत होते, कारण ते प्रसिद्ध आहे. जुन्या ला स्कालाच्या बाजूच्या फळ्या पाऊण इंची प्लायवुडच्या. खालच्या कर्ण्यातून खर्ज जोरात निघाला की त्या स्वतःही थोड्या डोलतात आणि गाण्यात आपला सूर मिसळतात. २००६ साली दुसरी आवृत्ती निघाली तिच्यात फळ्या इंचभर जाडीच्या, दाबून घट्ट केलेल्या लाकूडचुऱ्याच्या झाल्या, आणि वरचा मजला खालच्या मजल्यापासून वेगळा झाला. मधला कर्णा पूर्वी ओतीव धातूचा असे. त्यावर टिचकी मारली तर तो घंटेसारखा वाजे. शौकीन लोक त्याला पाठीमागून खिडकीचे लांबी फासून गप्प करीत. पुढच्या काळात तो प्लास्टिकच्या जातीचा झाला आणि आपोआप गप्प झाला. स्वरांची वाटणीही बदलली. पूर्वी ४०० पासून ६००० कंपनांपर्यंतचा सारा मुलूख मधल्या कर्ण्याकडे होता. दुसऱ्या आवृत्तीत त्याची सरहद्द ४५०० ला आली आणि तिथून वरचे काम वरच्या चिमुकल्या कर्ण्याकडे गेले. मला स्वतःला ती जुनी वाटणी अधिक आवडते. माणसाचा गळा जवळजवळ सगळा एकाच तोंडातून येतो, मध्ये शिवण नाही. पण धातूच्या तोंडातून येतो, हेही खरे.

या घराण्याच्या दुसऱ्या एका पेटीची, कॉर्नवॉलची, चौथी आवृत्ती निघाली तिच्यातल्या कर्ण्याच्या तोंडाला आतून मुद्दाम फुगवटे दिले आहेत. त्यांना त्यांच्या इंजिनिअरने, रॉय डेलगाडोने, 'मम्प्स' म्हणजे चक्क गालगुंड असे नाव दिले आहे. गालगुंड झालेला कर्णा आवाज खोलीभर अधिक सारखा पसरतो म्हणतात. क्लिप्शच्या हाताखाली शिकलेला माणूस. त्या पिवळ्या बिल्ल्याचा थोडा अंश त्याच्यातही उतरला असावा.

असो. डग्ग्याच्या बाबतीत मी हरलो होतो. मग माझ्यासारखा माणूस हरल्यावर जे करतो तेच मी केले: भाषण. म्हणालो, स्वच्छता म्हणजे गाणे नव्हे. दवाखानाही स्वच्छ असतो. माझ्या जोडीत ऊब आहे. चाळीस वर्षे गाणे मुरलेले लाकूड आहे. तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्ट उजेडात हवी. आमच्या पिढीला थोडा अंधारही लागतो. इत्यादी. भाषण चांगले झाले असावे, कारण नात टाळ्या वाजवू लागली. मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, मोजू या का?"

मायक्रोफोन पुढे मांडला. खालपासून वरपर्यंत एक शीळ जोडीतल्या प्रत्येक स्पीकरमधून गेली आणि पडद्यावर रेघ उमटली. नव्या दोघांच्या रेघा जुळ्या भावंडांसारख्या. माझ्या दोघांच्या रेघा पाच हजारांपर्यंत बऱ्यापैकी चालल्या आणि मग उतरणीला लागल्या. डावी उजवीपेक्षा आधी, आणि जास्त. बाप्पाच्या बाजूची. मी इंजिनिअर आहे. रेघ पाहताच मला कळले, आणि आपल्याला हे इतकी वर्षे कसे कळले नाही याने मी गार झालो.

स्वरांची वाटणी करणाऱ्या मंडलात कपॅसिटर असतात. माझ्या पेट्यांत ते तेल भरलेल्या धातूच्या डब्यांत होते. एका पेटीत तीन, दोन्ही मिळून सहा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी असल्या डब्या थकतात. तो बनवणाऱ्याचा दोष नव्हे. तेवढ्या काळात माणसेही थकतात. वरचे स्वर त्यांच्यातून पुरते जाईनासे होतात. एका दिवशी थांबत नाहीत, तसे झाले असते तर समजले असते. दरवर्षी चिमूटभर कमी. म्हणजे मी सामन्यात जुन्या पिढीला उतरवलेच नव्हते. जुन्या पिढीच्या नावाने आजारी माणूस उभा केला होता, आणि त्याच्या अशक्तपणाला ऊब म्हणत होतो.

नव्या सहा डब्या आणल्या. दोन संध्याकाळी आम्ही बापलेक जमिनीवर बसून जुने सांधे सोडवले, नवे डाग दिले. माझा हात कापतो म्हणून मी दिवा धरला. जुन्या डब्या मला आठवण म्हणून ठेवायच्या होत्या. पण त्या काळच्या अशा डब्यांतल्या तेलात पीसीबी नावाचे विष असू शकते. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९७९ साली बंद केले. मुलाने त्या पिशवीत बांधून गावाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिल्या. मी बरोबर गेलो. कोणाच्या तरी पोचवणीला जावे तसा.

पुन्हा केसरबाई लावल्या. खरखर आली. नव्या जोडीइतकीच आली. तानपुरा शेजारच्या खोलीतून उठून याच खोलीत येऊन बसला. डग्गा अजून घुमत होता, तेवढा एक फरक राहिला. बाकी डोळे मिटले तर कोणती जोडी कोणती हे सांगताना मी दहात सहा वेळा बरोबर आलो, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. दोन्हीकडे तळाचा, पखवाजाचा खोल खर्ज मात्र नाही. पन्नासाच्या खाली तो जबडा जात नाही. माझ्या जोडीतला जात नाही, मुलाच्या जोडीतलाही जात नाही. दोन्ही जोड्यांची भूक तेवढीच आहे. मी हे सारे मुलाला सांगत होतो आणि तो मान डोलवत होता. एकाएकी तो म्हणाला, "बाबा, आईची कॅसेट लावू?"

वर्षाचा दिवस नव्हता. पण मी नाही म्हणालो नाही.

दुरुस्त केलेल्या जुन्या जोडीवर लावली. फितीची सळसळ, खुर्च्यांचे आवाज, कोणीतरी खोकले, आणि मग ती. आवाज मला ठाऊक होता तोच होता. पहिले कडवे संपेपर्यंत मी जमिनीकडे पाहत होतो. वर पाहिले तर मुलाच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "बाबा, बांगड्या!"

"कुठल्या बांगड्या?"

"आईच्या. ती मांडीवर ताल देते आहे. बांगड्या वाजताहेत. मला कधीच ऐकू आल्या नव्हत्या."

मी पुढे सरकलो. कर्ण्याच्या अगदी समोर बसलो. काही नाही. आवाज आहे, श्वास आहे, शब्द आहेत, बांगडी नाही. काचेच्या बांगडीची किणकिण फार वरच्या स्वरात असते. आणि माझ्या कानांचाही एक आलेख कानाच्या डॉक्टरांनी काढून दिलेला आहे: ४००० पर्यंत कसाबसा सपाट, पुढे घसरगुंडी. माणसाच्या कानात शंखासारखी वळलेली एक पोकळी असते, घड्या घातलेला कर्णाच तो, आणि तिच्या दाराशी बसलेल्या पेशी वरचे स्वर ऐकतात. येणाजाणारा प्रत्येक आवाज त्यांच्यावरून जातो, म्हणून त्याच आधी झिजतात असे म्हणतात. या सहा डब्या कुठल्या दुकानात मिळत नाहीत. श्रवणयंत्र आहे माझ्याकडे. ते वरच्या खोलीतून आणवले, लावले, फीत मागे नेली. भांडी विसळल्यासारखा एक आवाज सगळ्या गाण्यावर पसरला. त्यात बांगडी कोणती आणि फितीची सळसळ कोणती, मला निवडता आले नाही. यंत्र काढून ठेवले.

कपॅसिटर आणि मी, आम्ही एकमेकांच्या सोबतीने उतरत आलो होतो. ती गात होती त्या दिवशी मी तिच्यापासून चार हातांवर टेपरेकॉर्डर धरून बसलो होतो, आणि तेव्हा माझे कान छत्तीस वर्षांचे होते. बांगड्या मी ऐकल्याच असणार. तबलजी आला नव्हता, ताल कोणीतरी द्यायलाच हवा होता. मला आठवतात त्या हिरव्या बांगड्या, तिचा मांडीवरचा हात. पण त्या आठवणीला आवाज नाही.

नात आठ वर्षांची आहे. ती मघापासून माझ्याकडे आणि बापाकडे आळीपाळीने पाहत होती. "आजोबा, तुम्हाला खरंच येत नाही ऐकू?" तिने विचारले. मी मान हलवली. तिने उजव्या कणगीच्या तोंडाशी डोके नेले. मी म्हणणार होतो, आत घालू नकोस, पण ती तिथेच थांबली. मग फीत पुन्हा मागे न्यायला तिने बापाला खूण केली, माझा हात ओढून घेतला आणि तळहात वर केला.

गाणे सुरू झाले. ती एका बोटाने माझ्या तळहातावर ठोके देऊ लागली. एक, दोन, तीन. मग बोट वर राहिले. मग पाच, सहा. पुन्हा एक, दोन, तीन, आणि पुन्हा बोट वर. पहिल्यांदा मला वाटले, पोरीचे चुकते आहे. दुसऱ्या आवर्तनाला लक्षात आले. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते. तिथे हात वाजवायचा नसतो, मोकळा सोडायचा असतो. नातीला दादरा कोणी शिकवलेला नव्हता.